मासा नंतर, आधी पालथं व्हायला शिका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कयाकमधून (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) बॅस या अमेरिकी माशाची मासेमारी कशी सुरू करावी, यावर पानभर लेख आला होता. मी तो दोनदा वाचला. एकदा हौसेनं, एकदा रागानं. लेखात बावीस वस्तूंची यादी आहे, डॉलरमधल्या किमतींसकट. तीत लाइफ जॅकेट एकोणिसाव्या नंबरवर, उन्हाच्या मलमाच्याही खाली. आणि वर जो रंगीत फोटो छापलाय, त्यातल्या गड्यानं ते घातलेलंच नाही. नीट बघा, त्याच्या पाठीमागे खुर्चीला उशी म्हणून लावलंय. या फोटोसाठी हे पत्र लिहितोय. बाकीचं ओघात येईल.

मी राजापूर तालुक्यातला, जैतापूरच्या खाडीकाठचा. एसटीच्या राजापूर डेपोत ३४ वर्षं मेकॅनिक होतो. मुलगा टेक्सासात ऑस्टिनला असतो. तो फोनवर म्हणाला, “बाबा, या वेळी आलात की तुम्हाला बॅस फिशिंगला नेतो.” मला ऐकू आलं ‘बस’. म्हटलं, अरे, उभा जन्म बसच्या खाली उताणा झोपून काढला, आता तिथं येऊन पण बसच? मग त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. हिरवट पाठ, कुशीवर काळसर पट्टा आणि तोंड एवढं मोठं की जबड्याचा कोपरा डोळ्याच्याही मागे गेलेला. आमच्या मंडळींनी विचारलं, “हॉटेलात मिळतो तो बासा का?” नाही. बासा म्हणजे पंगस, ज्याचे गोठवलेले तुकडे येतात तो. त्याचा याचा काही संबंध नाही. स्वभावानं जवळचा म्हणायचा तर रायगडात ज्याला जिताडा म्हणतात आणि मालवण-गोव्याकडे चोणक, तो. नातं नाही, पण खोड तीच: पाण्यात पडलेल्या झाडाआड, पाणवेलीच्या कडेला, पुलाच्या खांबाच्या सावलीत दबा धरून बसायचं आणि समोरून काही गेलं की आऽ करून पाण्यासकट ओढून घ्यायचं. तो चावत नाही, गिळतो. हे आधी समजून घेतलं की पुढचं निम्मं कळतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑस्टिनला पोचलो. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी पाण्यावर. लहानपणापासून खाडीत गरवलंय, डोण वल्हवलीय, मला काय शिकवणार? मुलगा म्हणाला, आधी पडायला शिका.

ऑस्टिन शहराच्या मधोमध लेडी बर्ड लेक आहे. १९६० साली कोलोरॅडो नदीवर बांध घालून केलेला. (ही टेक्सासची कोलोरॅडो. ग्रँड कॅन्यनवाली वेगळी, मीही आधी फसलो होतो.) पूर्वी त्याला टाउन लेक म्हणत. २००७ पासून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नीच्या नावानं ओळखतात. तिथं पेट्रोलवरच्या बोटींना बंदी आहे, त्यामुळे कयाकवाल्यांना मोकळं रान. पण पोहायलाही बंदी. म्हणजे पडायचा सराव तिथं करता येत नाही. म्हणून आम्ही त्याच नदीवर वरच्या अंगाला असलेल्या लेक ट्रॅव्हिसला गेलो, जिथं पोहण्याला मुभा आहे. काठापासून वीसेक फुटांवर, छातीइतक्या पाण्यात. मार्च संपत आला होता. पाण्याचं तापमान मुलाच्या यंत्रानं ६४ दाखवलं. तिकडचे अंश फॅरनहाइटचे, आपले साधारण १८. ऐकायला बरं वाटतं. फ्रिजमधल्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम.

“आता डावीकडे झुका,” मुलगा पाण्यात उभा राहून म्हणाला. मी झुकलो. काही झालं नाही. या वर बसायच्या कयाका चांगल्या रुंद असतात, सहजी उलटत नाहीत. आणखी झुकलो. तरी नाही. मग नात काठावरून ओरडली, “आबा, मासा बघा!” मी सवयीनं कडेवरून मान बाहेर काढून खाली बघितलं आणि पाण्यात.

यात सगळं आलं. कयाक माणसाच्या वजनानं उलटत नाही, डोक्यानं उलटते. धड मध्ये आहे तोवर ती कितीही डुलली तरी सावरते. डोकं काठाच्या बाहेर गेलं की मागोमाग सगळं जातं. मुलाचा नियम असा की नाक कायम बेंबीच्या वर. मासा लागला, गळ अडकला, वल्हं पडलं, काहीही झालं तरी नाक बेंबीच्या वर. नंतरचे पाच महिने मी हेच एक पाठ केलं.

पण सांगायचंय ते पडल्यावरचं. पाणी छातीला लागलं आणि माझा श्वास आपोआप आत ओढला गेला. मी ओढला नाही, ओढला गेला. तोंड पाण्याखाली असतं तर तेवढंच पुरे होतं. त्यानंतर अर्धा मिनिट मला कुत्र्यासारखी धाप लागली होती, बोलता येईना. ज्या खाडीत मी वाढलो तिचं पाणी बारा महिने कोमट. हा प्रकार मला ठाऊकच नव्हता. तिकडे थंड पाण्यासाठी एक-दहा-एक असा हिशेब सांगतात: पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि गारठून शुद्ध हरपायला साधारण एक तास. हा हिशेब बर्फासारख्या पाण्याचा आहे, माझ्या ६४ अंशांचा नव्हे. तरी पहिलं मिनिट मला पुरेपूर भेटलं. आणि मुद्दा असा की पहिल्या मिनिटातच जो बुडाला त्याला पुढच्या तासाचा काय उपयोग? त्या मिनिटात हात पोहत नाहीत, डोकं चालत नाही. तेवढा वेळ तोंड पाण्याबाहेर धरणारं काहीतरी अंगावर लागतं. खुर्चीला उशी म्हणून लावलेलं जॅकेट तेव्हा पाच फुटांवर तरंगत असतं.

मग परत चढायचं. उलटलेल्या कयाकच्या बुडावरून पलीकडची कड धरायची, अंग मागे टाकून आपल्याकडे ओढायची, सुलटी करायची. हे जमलं. पुढचं जमेना. दोन्ही हात आडवे टाकून वर यायला गेलो तर कयाक माझ्याच अंगावर येई. चार वेळा पडलो. जॅकेटची जाड छाती कडेला अडकायची. मुलानं सांगितलं, “बाबा, आधी पाय मागे पाण्यावर आणा, बेडकासारखे मारा. आडवं व्हा. वर चढू नका, पोहत वर या.” पाचव्या वेळेला पोट मध्यावर आलं. मग पालथ्याचा उताणा होऊन बूड बसायच्या खळग्यात टेकवलं, मग पाय. पोट, बूड, पाय. नातीनं त्याचं गाणं केलं आणि आठवडाभर घरात म्हणत होती.

त्या दिवशी माझा चष्मा लेक ट्रॅव्हिसला अर्पण झाला. दुसऱ्या दिवसापासून चष्म्याला दोरी, वल्ह्याला दोरी, गळाच्या छडीला दोरी, मोबाइल पाकिटात आणि पाकिटाला दोरी. कयाकमध्ये जे बांधलेलं नाही ते आपलं नाही, असं समजून चालावं.

अमेरिकेच्या कोस्ट गार्डचे २०२२ सालचे आकडे मुलानं दाखवले. हौशी बोटिंगमध्ये देशभरात ६३६ माणसं गेली. मृत्यूचं कारण कळलं त्यांतली ७५ टक्के बुडून. आणि त्या बुडालेल्यांतल्या ८५ टक्क्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. आकडे वाचून मी गप्प बसलो, कारण मला त्यांची गरज नव्हती. माझा थोरला चुलतभाऊ १९८४ साली आमच्या खाडीत गेला. पट्टीचा पोहणारा. भरल्या पावसातही या काठावरून त्या काठाला जायचा. ऑक्टोबरातली संध्याकाळ होती, वारा नाही, काही नाही. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. जाळं कशाला तरी अडकलं म्हणून तो होडीच्या कडेवरून वाकला. एवढंच. होडी दुसऱ्या दिवशी खाली मुखाकडे मिळाली, तो तिसऱ्या दिवशी. इतकी वर्षं आम्ही म्हणत आलो की त्याला चकवा लागला. ट्रॅव्हिसच्या काठावर ओल्या कपड्यांत बसल्यावर मला कळलं की त्याचं नाक बेंबीच्या बाहेर गेलं होतं.

असो. आता तुमच्या यादीकडे वळतो.

बावीस वस्तू लागत नाहीत. मुलाची पहिली कयाक जुनी, दुसऱ्याच्या हातची, २५० डॉलरची. दहा फूट लांब, वर बसायची. वर बसायची घ्यावी, आत पाय घालून बसायची नको, कारण आत बसायची उलटली की पाण्यानं भरते आणि नवशिक्याला ती पाण्यातच रिकामी करणं जमत नाही. वर बसायचीच्या बुडाला आरपार भोकं असतात. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मेकॅनिक म्हणून हबकलोच. बोटीला भोकं? पण आतली पोकळी बंद असते. वर आलेलं पाणी त्या भोकांतून खाली निघून जातं. फक्त मागच्या बाजूला पाणी काढायचं एक बूच असतं, ते पाण्यात उतरण्याआधी हात लावून बघायचं. एकदा आम्ही विसरलो. अर्ध्या तासानं कयाक मागून जड झाली, वळेना. एसटीत गाडी मार्गावर सोडताना बघतो तसं निघण्याआधी चारी बाजूंनी फिरून बघायचं, ही माझी भर. मुलानं मुकाट्यानं मान्य केली.

पायडलच्या कयाका मिळतात, हात मासेमारीला मोकळे राहतात. झकास असतात. त्यांच्या किमतीत राजापुरात जुनी रिक्षा येईल. पहिल्या वर्षी नको.

छडी सात फुटांची, मध्यम ताकदीची. रीळ साधं, २५०० नंबरचं, दोर सरळ सुटतो ते. पिळाचा बारीक दोर, १० पौंडांचा ताण सोसेल असा, आणि टोकाला हातभर फ्लुरोकार्बनचा तुकडा, पाण्यात दिसत नाही असा. दुसऱ्या जातीचं रीळ असतं, आडवं, बघायला रुबाबदार. त्यावर अंगठा ठेवायची सवय नसेल तर दोराचा असा गुंता होतो की सुगरणीचं घरटं बरं. माझी एक अख्खी सकाळ ते सोडवण्यात गेली.

आमिष रबरी गांडूळ, पाच इंची. खरं गांडूळ लावतात तसं टोकापासून ओवायचं नाही. बरोबर मधोमध गळ आरपार घालायचा, दोन्ही टोकं लोंबती. वजन नाही. टाकलं की हळूहळू खाली जाताना दोन्ही टोकं थरथरतात. बस्स. आपण काही करायचं नाही, दोराकडे बघत बसायचं. पाणवेल दाट असेल तर दुसरी पद्धत, तिला टेक्सास रिगच म्हणतात: पुढे बंदुकीच्या गोळीसारखं छोटं शिसं आणि गळाचं टोक गांडुळाच्याच अंगात परत लपवलेलं, म्हणजे वेलीत अडकत नाही आणि माशानं दाबलं की बाहेर येतं. ज्यानं हे शोधलं त्याला माझा नमस्कार. साधी, स्वस्त, बिघडण्यासारखं काही नाही.

परवान्याबद्दल लेखात एक ओळ आहे, ती अपुरी आहे. मी घेतला तेव्हा परराज्यातल्या किंवा परदेशी माणसाला गोड्या पाण्याचा वर्षाचा परवाना ५८ डॉलर, तिथल्या रहिवाशाला ३०. १७ वर्षांखालच्यांना लागत नाही, म्हणून नात फुकटात. तिकडे परवान्याचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपतं, तेव्हा जुलैत घेणाऱ्यानं विचार करावा. कयाकला वल्हंच असेल तर नोंदणी लागत नाही. जॅकेट मात्र माणशी एक लागतंच, आणि १३ वर्षांखालच्या मुलानं ते अंगात घालायलाच हवं. मोठ्यांनी बोटीत ठेवलं तरी कायदा गप्प बसतो. तुमच्या फोटोतला गडी कायद्यानं निर्दोष आहे, हे मान्य करतो.

आता वारा. आम्ही खाडीवाले सुकतीला बाहेर पडतो आणि भरतीवर घरी येतो. वल्हं नावाला. तलावाला भरती नाही, म्हणून मला वाटलं, हिशेब संपला. नाही. तिथं भरतीचं काम वारा करतो. निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर तोच घरी आणून सोडतो. उलटं केलं तर दुपारी दोन वाजता, उन्हात, वाऱ्याशी भांडत मैलभर यायचं. आम्ही एप्रिलात हे करून बघितलंय. सुनेनं जेवण झाकून ठेवलं होतं ते रात्री खाल्लं. आणि नांगर कधी मधल्या कडेला बांधू नये, नाळेला (पुढच्या टोकाला) किंवा मागच्या टोकाला बांधावा, आणि हाताशी सुरी. मधे बांधलेला नांगर प्रवाहात कयाक आडवी करून पालथी घालतो. लेडी बर्डलाही वरच्या धरणातून पाणी सुटलं की प्रवाह लागतो, तळं म्हणून गाफील राहू नये.

पहिला मासा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. लेडी बर्डच्या वरच्या टोकाला, सुरूसारख्या मोठ्या झाडांची मुळं पाण्यात उतरली होती तिथं. सकाळचे सात. काठाजवळच्या उथळ पाण्यात परातीएवढे गोल पांढुरके डाग दिसत होते. ती घरं. नर शेपटीनं तळ झाडून साफ करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर राखण करत बसतो. मुलगा म्हणाला, त्यांना त्रास द्यायचा नाही, पुढे जाऊ. पुढे गेलो. मी मुळाच्या फुटभर अलीकडे गांडूळ टाकलं. खाली जाताना दोर सैल पडत गेला, पाण्यावर वाकडातिकडा. मी वाट बघत होतो की हिसका बसेल. खाडीत शेंगटी लागते तेव्हा बोटाला कळतं, काळुंद्र टुकटुक करतं. इथं काहीच नाही. फक्त दोर, जो खाली जात होता, तो आडवा चालायला लागला. डावीकडे. अगदी सावकाश, कुणी पाण्याखाली टोक धरून फिरायला निघाल्यासारखा. मी बघत राहिलो. मुलगा त्याच्या कयाकमधून दबक्या आवाजात ओरडला, “बाबा, मासा आहे तो! गुंडाळा! आता!”

सैल दोर गुंडाळला, छडी उचलली. खाडीच्या सवयीनं डोक्यावरून हिसका मारणार होतो, नाक बेंबी आठवली, बसल्या जागी कुशीला ओढली. आणि कयाक चालू लागली! मासा माझ्याकडे यायच्या ऐवजी मी माशाकडे. नाळ गर्रकन फिरली. त्यानं पाण्याबाहेर उडी घेतली, तोंड उघडं टाकून डोकं झटकलं, आत माझं गांडूळ लोंबताना दिसलं. दोन मिनिटं त्यानं मला त्या मुळांभोवती फिरवलं. मग खालचा जबडा अंगठ्यानं धरला. दात नसल्यासारखेच, नुसती कानस. पट्टीवर साडेपंधरा इंच. चुलतभावाची आठवण झाली. तो असता तर म्हणाला असता, एवढ्याशासाठी एवढं?

मग मुलानं तो सोडायला लावला.

संपादक महोदय, आमच्या घरी मासा पाण्यात परत सोडणं म्हणजे पानातला भात ओतून देणं. कायद्यानं मुभा होती. टेक्सासच्या बहुतेक तलावांवर १४ इंचांपुढचे पाच बॅस रोज नेता येतात. काही ठिकाणी वेगळं आहे, लेक फोर्कला १६ ते २४ इंचांमधला सोडावाच लागतो, म्हणून काठावरचा फलक वाचायचा. पण तिकडची बहुतेक हौशी माणसं सगळेच सोडतात. ही रीत जुनी नाही. रे स्कॉट नावाच्या माणसानं बॅसच्या स्पर्धांचं मोठं प्रस्थ उभं केलं आणि १९७२ पासून स्पर्धेतला मासा जिवंत ठेवून सोडायची मोहीम चालवली. कयाकच्या स्पर्धा तर वजनही करत नाहीत. पट्टीवर मासा ठेवून फोटो काढायचा, पाच मोठ्यांच्या इंचांची बेरीज, मासा तिथल्या तिथं पाण्यात. पुढच्या पिढीला मासे राहतात, हे मला दिसतं. पण खायचं नाही तर टोचायचं कशाला, या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. मी मे महिन्यात ट्रॅव्हिसवरून एक आणला. बरोबर नेलेल्या कोकमाच्या आगळात तिखलं केलं. मांस पांढरं, सुटं, चवीला फिकं. आगळानं तारलं. मुलगा दोनदा वाढून घेऊन गप्प.

जगातला सर्वांत मोठा बॅस जॉर्ज पेरी यांनी १९३२ साली जॉर्जिया राज्यात धरला. २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंच्या वर. घरीच ठोकलेल्या होडीतून. सोबत मित्र, दोघांत छडी एक आणि आमिष एक. मासा घरी नेऊन रांधला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली, पण पेरींच्या होडीत बावीस वस्तू नव्हत्या एवढंच मला म्हणायचंय.

जपानचं नाव निघालं म्हणून लेखातल्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल बोलतो. लेखक सुचवतात की हा मासा आपल्या कोयना, पवना, उजनीत सोडला तर पर्यटन वाढेल. कृपा करून हे पुन्हा छापू नका. जपाननं १९२५ साली अमेरिकेतून आणून तो आशी सरोवरात सोडला. पुढे तो देशभर पसरला, तिथले लहान मासे फस्त केले, आणि आज जिवंत बॅस बाळगणं किंवा इकडून तिकडे नेणं तिथं कायद्यानं गुन्हा आहे. ग्वाटेमालात अतितलान सरोवरात १९५८ नंतर पर्यटनासाठीच सोडला. तिथं एक पाणबुडी पक्षी होता, जगात दुसरीकडे कुठे नव्हता. त्याच्या पिल्लांचं खाणं आणि पिल्लंही बॅसनं गिळली. पुढच्या तीसेक वर्षांत तो पक्षी जगातून संपला. आपल्याकडे उजनीत चिलापी या परक्या माशानं काय केलंय ते धरणाकाठच्या भिगवणच्या कुणालाही विचारा. आणि गळाला लावून झुंजायलाच मासा हवा असेल तर आपला खडशी आहे की, महाशीर. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज साहेबानं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. लोणावळ्याला वळवणला टाटा पॉवर त्याची पिल्लं वाढवते, महाडजवळ वाळणकोंडीत लोक त्याला देव मानून कुरमुरे घालतात. २०२३ साली आपण पापलेटला राज्यमासा केलं, चांगलं झालं. गोड्या पाण्यातल्या या बिचाऱ्याला निदान परक्याच्या तोंडी तरी देऊ नका.

गणपतीच्या आत परत आलो. मुलानं माझं जॅकेट बरोबर दिलं, कयाकच्या खुर्चीला पाठ टेकेल असं, मागून वर फुगीर. मी ते चुलतभावाच्या नातवासाठी आणलं. तो आमच्या खाडीत दोन कयाका ठेवून पर्यटकांना तिवरांतून फिरवतो. पर्यटकांना पट्टे आवळून जॅकेट घालतो, स्वतः मात्र उघडा. सख्ख्या आजोबाच्या मरणातून शिकला नाही, चुलतआजोबाचं काय ऐकणार! तरी त्याला गुडघाभर पाण्यात नेऊन पालथं घातलं, पोट-बूड-पाय करायला लावलं. पहिल्याच वेळेला जमलं त्याला, तरणा आहे. जॅकेट आवडलं. दर रविवारी घालतो, असं सांगतो.

पत्र लांबलं. कापायचं झालं तर रिळाचं, परवान्याचं, तिखल्याचं कापा, पण फोटोबद्दलचं ठेवा आणि पुढच्या वेळी जॅकेट घातलेल्या माणसाचा फोटो छापा. परवा त्या नातवानं त्याच्या धंद्याच्या जाहिरातीसाठी फोटो काढून मला मोबाइलवर पाठवला. कयाकमध्ये ऐटीत बसलाय, हातात वल्हं, मागे तिवरं, उन्हं तिरकी. फोटो सुंदर आलाय. जॅकेट खुर्चीला मागे लावलंय.

आपला,
एसटीचा एक निवृत्त मेकॅनिक
जैतापूर खाडी, ता. राजापूर, जि. रत्नागिरी